एव्हरेस्टच्या पायऱ्या : सातपुड्यापासून शिखरापर्यंत

एव्हरेस्टच्या चढाईची गोष्ट सहसा १९२१ साली सुरू होते आणि २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता संपते. या बत्तीस वर्षांत टिबेटच्या बाजूने ब्रिटिशांच्या सात मोहिमा झाल्या. नेपाळच्या बाजूने १९५१ ची पाहणी झाली आणि १९५२ मध्ये स्विस गिर्यारोहकांनी दोनदा प्रयत्न केला. माणसं मेली, हातापायांची बोटं हिमदंशाने झडली, आणि शिखर प्रत्येक वेळी थोडक्यात राहिलं. सांगणारे या सगळ्यावर 'अपयश' असा एकच शिक्का मारतात आणि हिलरी-तेनझिंगकडे वळतात. माझ्या मते हा हिशेब चुकीचा आहे. अपयश ही यशाची पहिली पायरी, ही म्हण आपण एरवी धीर देण्यापुरती वापरतो. एव्हरेस्टच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली, पण एका अटीवर. खालच्या पायरीवरच्या माणसाने वरच्यासाठी काही लिहून ठेवलेलं असलं पाहिजे, आणि वरच्याने ते वाचलेलं असलं पाहिजे. जिथे ही अट पाळली गेली तिथे मोहीम वर सरकली. जिथे मोडली गेली तिथे ती वर्षानुवर्षं एकाच उंचीवर अडून राहिली. या कसोटीवर सुरुवातीचे प्रयत्न पाहिले, की त्यांची पहिली पायरी हिमालयात सापडत नाही. ती आपल्या भागात, तापी आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सापडते.

बुऱ्हाणपूर वसलं आहे २१ अंश १८ कला उत्तर अक्षांशावर. इथून सुमारे दीडशे किलोमीटर पूर्वेला, अचलपूर-बैतूलच्या रानातून, एक अदृश्य रेषा दक्षिणोत्तर जाते. मुलताईहून निघालेली तापी बुऱ्हाणपूरच्या घाटांना लागण्याआधी तिला छेदून येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सुरू केलेल्या भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा कणा आहे. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्याने शंभर फुटी पोलादी साखळीने साडेसात मैलांची पायारेषा मोजायला घेतली आणि त्या एका रेषेला सत्तावन्न दिवस लागले. पुढे त्रिकोणाला त्रिकोण जोडत, सुमारे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत, ही मोजणी वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिली. बिदरजवळचं दामरगिद्दा मागे पडलं आणि एलिचपूरजवळचं, म्हणजे आजच्या अचलपूरजवळचं, टाकळखेडा आलं. लॅम्बटनच्या हयातीत रेषा तिथवर पोचली. नागपूरला मुक्काम हलवायचा म्हणून निघालेला हा सत्तरीचा म्हातारा २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर आजही हिंगणघाटलाच आहे.

त्याच्यानंतर काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात लागलेल्या हिवतापाने तो आधीच खंगलेला होता. टाकळखेड्याहून मध्य भारतातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंतचा टप्पा, म्हणजे सगळा सातपुडा आणि पुढे नर्मदा, त्याने १८२३ ते १८२५ या काळात पार केला. हातपाय इतके लुळे पडले होते, की निरीक्षणाच्या वेळी दोन माणसांनी त्याला उचलून यंत्रापुढच्या आसनावर बसवावं आणि काम झालं की उतरवावं, अशी स्थिती होती. दिवसा धुळीने क्षितिज दिसेना, म्हणून रात्री दूरच्या टेकड्यांवर दिवे लावून त्यांच्यावर दुर्बीण रोखली जाई. सागवानाच्या रानात ते दिवे सांभाळणारी आणि दृष्टीच्या आड येणारी झाडं तोडणारी माणसं इथलीच होती. १८३० मध्ये एव्हरेस्टने प्रसिद्ध केलेला ग्रंथ नेमका १८ अंश ३ कला ते २४ अंश ७ कला या पट्ट्याबद्दल आहे. बुऱ्हाणपूरचा अक्षांश त्याच्या मध्यावर येतो. या पट्ट्याच्या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे त्याने ठरवले, ते पुढे भारताच्या सगळ्या नकाशांचा आधार झाले, आणि कल्याणपूर हे देशाच्या साऱ्या मोजणीचं उगमस्थान ठरलं.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो: मोजणं म्हणजे चढणं नव्हे. शिवाय ही मोजणी काही ज्ञानाच्या निर्मळ ओढीने झालेली नाही. ईस्ट इंडिया कंपनीला सैन्य हलवायला आणि सारा वसूल करायला नकाशे हवे होते. बुऱ्हाणपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. दख्खनचा दरवाजा म्हणून ओळखला जाणारा असीरगड १८१९ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला, नागपूरच्या भोसल्यांची सत्ता त्याच्या आदल्या वर्षी मोडली, आणि मगच साखळी आणि दुर्बीण वऱ्हाड-सातपुड्यात शिरू शकली. तोफेमागून थिओडोलाइट आलं, हे खरं आहे. पण कोणत्या हेतूने मोजलं आणि मोजलेलं पुढे कोणाच्या उपयोगी पडलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १६१५ मध्ये खानखानाच्या काळात पर्शियन तज्ज्ञ तबकुतुल अर्झ याने सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी उतार साधून बुऱ्हाणपुरात आणलं. तो कुंडी भंडारा बादशाही छावणीची तहान भागवायला होता म्हणून त्याचा उतार खोटा ठरत नाही. आता राहिलं मोजणं आणि चढणं. 'जगातलं सर्वात उंच शिखर' ही गोष्टच डोळ्याला दिसत नाही. दार्जिलिंगच्या परिसरातून कांचनगंगा कितीतरी मोठी दिसते आणि एव्हरेस्ट तिच्या डावीकडे, दूरवर, इवलंसं. ते सर्वात उंच आहे हे आधी आकड्यांनी सांगितलं, आणि त्याशिवाय तिथे जावं असं कोणाच्या मनातही आलं नसतं.

तो आकडा कसा आला, हे जवळून पाहण्यासारखं आहे. १८४९-५० मध्ये जेम्स निकोल्सनने बिहारच्या सपाटीवरच्या सहा ठाण्यांवरून 'शिखर क्रमांक १५' चे, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचे, कोन घेतले. सर्वात जवळचं ठाणंही सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर होतं. एवढ्या अंतरावर निव्वळ पृथ्वीच्या गोलाईने डोंगर २,४०० मीटर खाली बुडालेला असतो. सातपुड्यातल्या सर्वात उंच धूपगडाच्या पावणेदोन पट डोंगर असा क्षितिजाखाली गेलेला असतो. उलट हवेतून येणारा प्रकाश वाकतो आणि शिखराला तीनेकशे मीटर उचलून दाखवतो. यंत्रात दिसणारा कोन जेमतेम दोन अंशांच्या आसपासचा. त्यातून खरी उंची काढायची, तर ठाण्यापासून शिखराचं नेमकं अंतर, पृथ्वीची गोलाई आणि हवेचं वक्रीभवन या तिन्हींचा हिशेब बसला पाहिजे. जवळच्या पायारेषा हिमालयाच्या पायथ्याशीच मोजल्या होत्या, त्यामुळे सातपुड्यातल्या रेषेचा शिखराच्या उंचीशी थेट संबंध नाही, असं कोणी म्हणेल. पण त्या पायारेषा आणि ते सगळे त्रिकोण ज्या उगमस्थानाला आणि पृथ्वीच्या ज्या आकाराला बांधलेले होते, ते दोन्ही या मधल्या पट्ट्यातून आले होते. निकोल्सनलाही हिवतापाने गाठलं आणि गणित पुरं न करताच त्याला परतावं लागलं. ते सर्वेक्षणाच्या गणकांनी पुरं केलं, आणि सर्वेक्षणाचा तेव्हाचा प्रमुख अँड्र्यू वॉने १८५६ मध्ये उंची जाहीर केली: २९,००२ फूट.

मीटरमध्ये ते सुमारे ८,८४० होतात. नेपाळ आणि चीनने मिळून २०२० च्या डिसेंबरात जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे; फरक सुमारे नऊ मीटरचा. हा आकडा पाहून भारावून जायला होतं, पण सरळ सांगायचं तर त्यात थोडं दैवही होतं. काही चुकांनी एकमेकींना छेद दिला. १९०५ मध्ये वक्रीभवनाचा अधिक चांगला हिशेब करून पुन्हा गणित केलं, तेव्हा उत्तर २९,१४१ फूट आलं, म्हणजे आधीपेक्षा जास्त चुकलेलं. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९५० च्या दशकात नव्याने निरीक्षणं घेऊन २९,०२८ फूट ठरवलं तेव्हा तो वाद मिटला. या प्रकरणातून मला दिसतं ते असं: १८५६ च्या आकड्यापेक्षा १८४९ च्या वह्या मोलाच्या होत्या. कोन लिहून ठेवलेले होते, म्हणून पन्नास वर्षांनी दुसरा माणूस तेच गणित नव्या रीतीने करू शकला. चुकीची दुरुस्ती करता येते ती नोंद असेल तरच. पुढे चढाईच्या इतिहासातही हेच पुन्हा पुन्हा घडलं.

या गणिताचं श्रेय कोणाचं, यावर आजही वाद होतो. राधानाथ सिकदार हे १८५२ मध्ये कोलकात्यात मुख्य गणक होते, आणि त्यांनी धावत येऊन 'जगातलं सर्वात उंच शिखर मला सापडलं' असं सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. हिशेब देहरादून आणि कोलकाता अशा दोन्ही ठिकाणी, अनेक वर्षं, अनेक हातांनी झाला, म्हणून काही अभ्यासक ही गोष्ट नाकारतात. तो आक्षेप रास्त आहे. पण तो एकट्या सिकदारांनाच का लावायचा? ज्या एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं, तो १८४३ मध्येच निवृत्त होऊन मायदेशी गेला होता आणि शिखर १५ च्या शोधाशी त्याचा संबंध नव्हता. आपलं नाव इथल्या लोकांच्या तोंडी बसणार नाही, असं सांगून त्याने स्वतःच या नावाला हरकत घेतली होती, आणि टिबेटी लोकांचं चोमोलुंग्मा हे नाव तर आधीपासून होतंच. सिकदारांची मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. देहरादूनला असताना, १८४३ मध्ये, सर्वेक्षणाच्या मजुरांना एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने वेठीला धरलं, तेव्हा सिकदारांनी त्याला उघड विरोध केला आणि दोनशे रुपये दंड भरला. ओझं वाहणाऱ्याचाही हक्क असतो, हा प्रश्न एव्हरेस्टच्या इतिहासात शिखराचं नाव ठरण्याच्याही आधी उभा राहिला होता. पुढची शंभर वर्षं तो सुटला नाही.

आता प्रत्यक्ष चढाईकडे येऊ. तेराव्या दलाई लामांनी १९२० मध्ये परवानगी दिली आणि १९२१ मध्ये पहिली मोहीम दार्जिलिंगहून टिबेटमार्गे निघाली. तिचं काम होतं डोंगरापर्यंत पोचण्याची वाट शोधणं. विरळ हवेत माणसाचं शरीर काय करतं याचा सर्वात खोल अभ्यास केलेला स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर केलस वाटेतच कांपा झोंगजवळ वारला. त्याआधीच्या वर्षी त्याने एव्हरेस्ट चढणं शक्य आहे का, यावर निबंध लिहिला होता, आणि उत्तम माणूस कृत्रिम प्राणवायूशिवायही वर जाऊ शकेल असा निष्कर्ष काढला होता. १९७८ मध्ये मेस्नर आणि हाबेलर यांनी तो खरा करून दाखवला. १९२१ च्या मोहिमेने शिखराचा प्रयत्न असा केलाच नाही, तरी सर्वात जास्त मिळवलं असेल तर याच मोहिमेने. मोर्सहेड आणि व्हीलर या सर्वेक्षण अधिकाऱ्यांबरोबर लालबीर सिंग थापा, गुज्जर सिंग आणि तुराबाझ खान हे भारतीय सर्वेक्षक होते. त्यांनी हजारो चौरस मैलांचा कोरा प्रदेश नकाशावर आणला. मोहिमेतला गिर्यारोहक मॅलरी ज्या पूर्व रोंगबुक हिमनदीचं तोंड शोधत भटकला, ते व्हीलरच्या छायाचित्र-सर्वेक्षणात सापडलं. २४ सप्टेंबरला मॅलरी आणि व्हीलर सहकाऱ्यांसह उत्तर खिंडीवर, सुमारे ७,००० मीटरवर, उभे राहिले आणि पुढच्या सतरा वर्षांची वाट ठरली. लॅम्बटनची परंपरा इथे थेट डोंगराला भिडते.

१९२२ मध्ये खरा प्रयत्न झाला. मॅलरी, सॉमरव्हेल आणि नॉर्टन प्राणवायूशिवाय ८,२०० मीटरच्या वर गेले. आठवड्याभरात जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस नळकांडी पाठीवर घेऊन ८,३२० मीटरपर्यंत पोचले, तेही त्यांच्याहून जलद. ब्रूसने याआधी कधी डोंगर चढलेला नव्हता. तेजबीर बुरा हा गुरखा शिपाईही बराच वरपर्यंत त्यांच्याबरोबर होता. फिंच रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने फुग्याच्या कापडात पिसं भरून अंगरखा शिवून घेतला होता. इतर सगळे लोकर आणि ट्वीडमध्ये असताना त्याला थंडी बेताचीच वाजली. त्याने दोन गोष्टी लिहून दाखवून दिल्या: प्राणवायू वजनाच्या मानाने परवडतो, आणि पिसांचा कोट लोकरीपेक्षा ऊब देतो. याच मोहिमेत ७ जूनला, ताज्या बर्फावर तिसरा प्रयत्न करण्याच्या हट्टापायी, हिमस्खलनात सात भारवाहक गेले. दोरीवरचे इंग्रज वाचले. त्या दिवसाची नोंदही धडाच होती: पावसाळा लागल्यावर उत्तर खिंडीच्या उतारावर जायचं नाही. पण तो धडा सात माणसांच्या जिवावर मिळाला, हे कोणत्याही आढाव्यात दडपून चालणार नाही.

१९२४ ची मोहीम सर्वात जास्त सांगितली जाते. ४ जूनला नॉर्टन प्राणवायूशिवाय ८,५७३ मीटरवर पोचला; पुढची चोपन्न वर्षं प्राणवायूशिवाय त्याच्या वर गेल्याची सिद्ध नोंद नाही. त्याच्यासाठी ८,१७० मीटरवर तंबू नेणारे तिघे होते नर्बू यिशे, ल्हाक्पा चेदे आणि सेमचुंबी. त्यांनी त्या दिवशी पाठीवर ओझं घेऊन तेवढी उंची गाठली नसती, तर नॉर्टनचा विक्रम झाला नसता. चार दिवसांनी मॅलरी आणि अर्विन वर गेले, त्यांचा सहकारी ओडेल याला दुपारी एकच्या सुमारास ढगांच्या फटीतून दोन ठिपके सरकताना दिसले, आणि ते परतले नाहीत. ते शिखरावर पोचले होते का, या प्रश्नाने शंभर वर्षं लोकांना झपाटलं आहे. १९३३ मध्ये अर्विनची कुऱ्हाड मिळाली. १९९९ मध्ये ८,१५५ मीटरवर मॅलरीचा देह मिळाला; कमरेला दोरीच्या ताणाच्या खुणा होत्या आणि बर्फाचा चष्मा खिशात होता, म्हणून ते अंधार पडल्यावर उतरत असावेत असं मानलं जातं. २०२४ मध्ये अर्विनच्या पायाचे अवशेष सापडले. त्यांच्याजवळचा कॅमेरा अजून मिळालेला नाही. मॅलरीच्या धैर्याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. पण ते पोचले असतील असं मानलं, तरी तीस वर्षांनी चढणाऱ्याला त्यातून काहीच मिळालं नाही. त्याच मोहिमेतल्या नॉर्टनने सुचवलेली शिखराखालची आडवी वाट आणि भारवाहकांनी सिद्ध केलेली छावणीची उंची मात्र पुढच्यांच्या उपयोगी पडली. शिखराच्या कुतूहलाने वाटेचं मोल झाकून टाकू नये.

१९३० चं दशक माझ्या म्हणण्याची सर्वात कठीण परीक्षा आहे. प्रत्येक मोहिमेने मागच्याचं ज्ञान वाढवलं असतं, तर उंचीही वाढायला हवी होती. तसं घडलं नाही. १९३३ मध्ये विन-हॅरिस, वेजर आणि स्माइथ नॉर्टनच्याच उंचीवरून परतले. १९३५ ची पाहणी पावसाळ्यात झाली, १९३६ मध्ये मोसमी वारे लवकर आले, १९३८ मध्ये बर्फाने वाट अडवली. हवामानाचा दोष मोठा होता, यात शंका नाही. पण एवढ्याने दशकाचा उलगडा होत नाही. फिंचने १९२२ मध्ये जे सिद्ध केलं, ते लोकांनी बाजूला ठेवलं होतं. खुद्द फिंचला १९२४ मध्ये घेतलंच नाही. प्राणवायू वापरणं खिलाडूपणाला धरून नाही, अशी समजूत वरच्या वर्तुळात होती, आणि १९३८ मध्ये मोहिमेचा नेता टिलमनसुद्धा त्याच्या विरोधातच होता. नोंद होती, पण वाचणारा तिच्याकडे पाठ फिरवून बसला होता. म्हणून हे दशक माझ्या कसोटीला छेद देत नाही, तिचा दुसरा अर्धा भाग सिद्ध करतं. त्या काळाची खरी कमाई वेगळीच आहे: १९३३ च्या एप्रिलमध्ये पूर्णियाहून उडालेल्या विमानांनी शिखराचे फोटो काढले, आणि १९३५ मध्ये शिप्टनने दार्जिलिंगला तेनझिंग नावाच्या एका तरुण शेर्पाला पहिल्यांदा कामावर घेतलं.

या दोन्हींचं मोल १९५१ पासून कळलं. टिबेट बंद झालं, नेपाळ उघडलं. मायकल वॉर्ड या तरुण डॉक्टरने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात धूळ खात पडलेले विमानातले फोटो आणि जुना नकाशा उघडला, आणि दक्षिणेकडून वाट दिसते असं दाखवलं. १९२१ मध्ये मॅलरीनेच पश्चिमेच्या खिंडीतून या वाटेवरची दरी पाहून तिला नाव दिलं होतं आणि खालचा हिमप्रपात कठीण म्हणून सोडून दिली होती. १९५१ मध्ये शिप्टन आणि हिलरी यांनी तो हिमप्रपात पार होऊ शकतो हे पाहिलं. १९५२ च्या मे महिन्यात स्विस मोहिमेतले रेमंड लँबर्ट आणि तेनझिंग सुमारे ८,६०० मीटरपर्यंत पोचले. आदल्या रात्री त्यांच्याकडे झोपायच्या पिशव्या नव्हत्या, स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोट घोट पाणी ते प्याले. प्राणवायूची यंत्रं चालताना काम देत नव्हती. ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाने हे सगळं तपासलं, चो ओयूवर प्रयोग केले, आणि दोन साध्या गोष्टी पुढे ठेवल्या: मिनिटाला चार लिटर प्राणवायू, आणि दिवसाला निदान तीन लिटर पेय. यातली पहिली गोष्ट म्हणजे तीस वर्षं उशिराने वाचलेला फिंच.

इथे शेवटचा मोठा आक्षेप उभा राहतो. १९५३ चं यश राजकारणाने दिलं, दक्षिणेची वाट सोपी होती आणि नेपाळने दार उघडलं एवढंच, असं काही जण म्हणतात. दार उघडलं नसतं तर कोणीच चढलं नसतं, हे मान्य. पण दार सर्वांनाच उघडं होतं. स्विस पथक १९५२ मध्ये त्याच दारातून दोनदा गेलं आणि दोनदा परतलं. दोन वर्षांत डोंगर तोच होता. बदललं ते साठवलेलं ज्ञान, आणि त्या ज्ञानाचा जिवंत वाहक. १९३५, १९३६, १९३८, १९४७ आणि १९५२ चे दोन असे सहा प्रयत्न तेनझिंगच्या पायांत होते. १९५३ चा त्याचा सातवा. २६ मे रोजी बोर्डिलन आणि एव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत, म्हणजे ८,७५० मीटरपर्यंत गेले आणि परतले. पुढची धार कशी आहे हे त्यांनी सांगितलं आणि अर्धवट भरलेल्या प्राणवायूच्या बाटल्या वाटेत ठेवल्या. त्याच दिवशी मोहिमेचा नेता हंट आणि दा नामग्याल यांनी ८,३०० मीटरच्या वर तंबू आणि अन्नाचं ओझं टाकून ठेवलं. आकाशवाणी दररोज हवामानाचा अंदाज पाठवत होती. २९ मेला दोघे शिखरावर पोचले, तेव्हा त्यांच्या पायाखाली किती जणांची पायरी होती हे यातून दिसतं.

भारताच्या स्वतःच्या मोहिमांनाही हीच रीत लागू पडली. १९६० मध्ये ज्ञानसिंग यांच्या नेतृत्वाखालचं पथक शिखरापासून सुमारे सातशे फुटांवरून वाऱ्यामुळे परतलं. १९६२ मध्ये जॉन डायस यांच्या नेतृत्वाखालचं पथक सुमारे चारशे फुटांवरून परतलं. १९६५ मध्ये मोहनसिंग कोहली यांच्या मोहिमेचे नऊ जण शिखरावर पोचले, आणि हा विक्रम सतरा वर्षं टिकला. हे यश आकाशातून पडलं नाही: नेते कोहली १९६२ मध्ये वर गेलेले होते, सोनम ग्यात्सो १९६० आणि १९६२ दोन्हींत, आणि नवांग गोंबूने १९५३ मध्ये हंटच्या मोहिमेत दक्षिण खिंडीपर्यंत ओझं वाहिलं होतं. महाराष्ट्राची पायरी त्यानंतरची. १९९८ च्या मे महिन्यात हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण यांनी टिबेटच्या बाजूने, म्हणजे १९२१ मध्ये शोधलेल्या त्याच उत्तर खिंडीच्या वाटेने, शिखर गाठलं. ते एव्हरेस्टवर पोचलेले पहिले महाराष्ट्रीय. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ जण एकाच मोहिमेत वर गेले. सह्याद्रीतल्या एखाद्या संस्थेने सर्वसामान्यांच्या वर्गणीवर एवढी मजल मारावी, हे त्याआधीच्या साऱ्या नोंदी खुल्या होत्या म्हणून शक्य झालं.

तेव्हा एव्हरेस्टच्या सुरुवातीच्या प्रयत्नांचा निकाल शिखरावरून लावू नये. कोणी किती उंच गेलं यापेक्षा त्याने पुढच्याच्या हाती काय दिलं, हे विचारावं. या कसोटीवर १९२१ ची पाहणी, फिंचचा कोट, नॉर्टनची आडवी वाट, लँबर्ट-तेनझिंगची मेणबत्ती आणि सिकदारांचा दंड हे सगळे यशस्वी प्रयत्न ठरतात. बुऱ्हाणपूर, खंडवा, बैतूल, अमरावती आणि वर्ध्याच्या शाळांनी हा इतिहास आपला म्हणून शिकवावा. मुलांना एकदा हिंगणघाटला लॅम्बटनच्या कबरीपाशी न्यावं, आणि तिथे साखळी धरणाऱ्या व दिवे लावणाऱ्या निनावी माणसांचीही आठवण काढावी. ज्यांची नावं उरली आहेत, ती तरी पाठ करून घ्यावी. ७ जून १९२२ रोजी उत्तर खिंडीखाली गेलेले सात जण होते: थांके, सांगे, तेंबा, ल्हाक्पा, पासांग, नोर्बू आणि पेमा.